एका रात्रीचे प्रेक्षक आणि रिमोट हातात धरलेले प्रेक्षक

चाहत्यांसाठी म्हणून काढलेल्या पडद्यामागच्या चित्रफितींपैकी बहुतेक पाहून झाल्यावर हाती काहीच लागत नाही. कलाकार एकमेकांचे कौतुक करतात, दिग्दर्शक सगळे कसे एका कुटुंबासारखे राहतात ते सांगतो, मध्येच कोणी तरी सेटवर नाचून दाखवते आणि पंधरा मिनिटांत ती जाहिरात संपते. ‘रेड ड्वार्फ’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या दहाव्या पर्वासोबत २०१२ साली डीव्हीडी आणि ब्लू-रेवर आलेला ‘वी आर स्मेग्ड’ (‘स्मेग’ ही या मालिकेची खास शिवी) हा माहितीपट मात्र या पठडीतला नाही. तो सुमारे दोन तासांचा आहे, त्यात कौतुकापेक्षा धावपळ जास्त आहे, आणि काम कुठे अडले, पैसे कुठे कमी पडले, ऐनवेळी काय गुंडाळून ठेवावे लागले हे त्यात मालिकेची माणसेच कॅमेऱ्यासमोर सांगतात. मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनाही तो पाहवेल असे मला वाटते, परंतु त्याची खरी गंमत कळण्यासाठी या मालिकेचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो.

‘रेड ड्वार्फ’ बीबीसी टू या वाहिनीवर १५ फेब्रुवारी १९८८ रोजी सुरू झाली. रॉब ग्रँट आणि डग नेलर या जोडीने ती लिहिली. कथेचा सांगाडा साधा आहे. रेड ड्वार्फ नावाच्या खाणकामाच्या अवकाशयानावर किरणोत्साराची गळती होते आणि सगळे कर्मचारी मरतात. सर्वांत खालच्या हुद्द्यावरचा तंत्रज्ञ डेव्ह लिस्टर तेवढा वाचतो, कारण यानावर चोरून मांजर आणल्याबद्दल शिक्षा म्हणून त्याला काळ गोठवलेल्या कोठडीत डांबलेले असते. यानाचा संगणक होली त्याला बाहेर काढतो तेव्हा तीस लाख वर्षे लोटलेली असतात. सोबतीला उरतो तो त्याच्या खोलीतला कटकट्या सहकारी रिमर, तोही मेलेला आणि केवळ प्रकाशाची आकृती म्हणून वावरणारा. त्या चोरून आणलेल्या मांजरीच्या वंशात उत्क्रांत झालेला, आरशावर जीव टाकणारा एक माणूसवजा बोका. आणि पुढे त्यांच्यात सामील झालेला क्रायटन नावाचा यंत्रमानव सेवक. विश्वात दुसरे कोणीच नसताना एकमेकांचे तोंडही पाहू नये असे वाटणाऱ्या या चौघांना एकत्र राहावे लागते, आणि सगळा विनोद त्या सक्तीच्या सहवासातून निघतो.

मालिका करणाऱ्यांची खरी अडचण कथेत नव्हती, ती कामाच्या पद्धतीत होती. ब्रिटिश सिटकॉमची रीत नाटकाच्या जवळची आहे. आठवडाभर तालमी होतात, स्टुडिओत एका बाजूला सेट आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्या असतात, ठरलेल्या संध्याकाळी प्रेक्षक येऊन बसतात आणि अनेक कॅमेऱ्यांसमोर प्रसंग सादर होतात. आपल्याला घरी ऐकू येणारा हशा त्याच माणसांचा असतो. विज्ञानकथेची रीत नेमकी उलटी आहे. तिथे यानाच्या छोट्या प्रतिकृती वेगळ्या चित्रित कराव्या लागतात, एकाच नटाच्या दोन आकृती जोडाव्या लागतात, रबराचे मुखवटे चढवावे लागतात, आणि या सगळ्याला जितका निवांत वेळ मिळेल तितका थोडाच असतो. स्टुडिओतला प्रेक्षक एवढा वेळ थांबत नाही. थांबला तरी त्याचे हसू थांबत नाही. या दोन रीती एकाच संध्याकाळी एकाच छताखाली बसवण्याची ओढाताण हाच ‘रेड ड्वार्फ’च्या निर्मितीचा इतिहास आहे, आणि तिच्या पडद्यामागच्या चित्रफितींमधून पुन्हा पुन्हा दिसत राहते ती हीच ओढाताण.

सुरुवातच कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. ग्रँट आणि नेलर हे ‘स्पिटिंग इमेज’ या राजकीय बाहुल्यांच्या कार्यक्रमाचे लेखक. त्याच कार्यक्रमात आवाजांच्या नकला करणारा ख्रिस बॅरी पुढे रिमर झाला. अवकाशातल्या विनोदी मालिकेची संहिता बीबीसीने अनेकदा परत पाठवली, शेवटी निर्माते पॉल जॅक्सन यांच्या खटपटीने ती बीबीसीच्या मँचेस्टर केंद्राकडून मार्गी लागली. मग १९८७ च्या सुरुवातीला, तालमी चालू असतानाच, बीबीसीत विजेचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा संप झाला. नट तालमी करत राहिले आणि चित्रीकरण होईना. भाग बसवायचा, दिवे लागणार नाहीत हे कळायचे, तो भाग बाजूला ठेवायचा आणि पुढचा बसवायला घ्यायचा, असा तो काळ गेला. त्याच वर्षी नंतर पुन्हा जुळवाजुळव करून पहिले पर्व चित्रित झाले. या हुकलेल्या चित्रीकरणाची हकिगत ‘द बिगिनिंग’ या माहितीपटात आहे. पहिल्या दोन पर्वांचे माहितीपट २००७ साली ‘द बॉडीस्नॅचर कलेक्शन’ या संचात आले, आणि ते नटांच्या तोंडून ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. बहुतेकांना तोवर कॅमेऱ्यासमोरचा फारसा अनुभव नव्हता. लिस्टर झालेला क्रेग चार्ल्स कवी म्हणून मंचावर उभा राहत असे, बोका झालेला डॅनी जॉन-ज्यूल्स नर्तक होता, होली झालेला नॉर्मन लव्हेट एकट्याने मंच सांभाळणारा विनोदवीर होता. एकमेकांची नीट ओळखही नसलेल्या या माणसांना त्या वाया गेलेल्या आठवड्यांनी भरपूर तालीम दिली. होली हे पात्र मुळात नुसता आवाज होते. लव्हेटने आपला चेहरा दिसावा असा हट्ट धरला आणि पडद्यावरचे ते निर्विकार तोंड मालिकेची खूण बनले.

पहिल्या दोन पर्वांतले नेपथ्य करड्या रंगाचे, पाणबुडीच्या आतल्या भागासारखे आहे. पैसे कमी होते हे झाकण्याचा कोणी प्रयत्न केलेला नाही. मात्र यानाच्या प्रतिकृतींचे काम आजही नजर खिळवून ठेवते. पीटर रॅग आणि त्यांचे सहकारी ते काम पाहत. प्रतिकृतींच्या चित्रीकरणातली मेख अशी की, हातभर लांबीच्या यानाचा स्फोट नेहमीच्या वेगाने टिपला तर तो दिवाळीतल्या फटाक्यासारखा दिसतो, कारण ठिणग्यांना आणि तुकड्यांना पडायला अंतर थोडेच असल्यामुळे ते चटकन खाली येतात. म्हणून कॅमेरा कितीतरी जास्त वेगाने चालवायचा आणि मग ती फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवायची. तुकडे सावकाश तरंगत जातात आणि डोळ्याला ते यान अवाढव्य वाटू लागते. हे काम स्टुडिओतल्या त्या संध्याकाळपासून पूर्णपणे वेगळे, आधीच उरकावे लागते. प्रेक्षकांना ते टांगलेल्या पडद्यांवर दाखवले जाते, म्हणजे हशा सलग राहतो आणि गोष्टही तुटत नाही.

आता त्या संध्याकाळचा विचार करा. प्रसंग सुरू होतो, नट विनोदाच्या जागेवर येतो, वाक्य फेकतो, खुर्च्यांमधून हशा उसळतो आणि तेवढ्यात दिग्दर्शक सांगतो की मागचा दरवाजा उघडलाच नाही. दृश्य पुन्हा घ्यायचे. प्रेक्षकांना आता तो विनोद माहीत आहे. तेच वाक्य, तोच सूर, पण हशा निम्मा. तिसऱ्या वेळी तर लोक नटावर दया येऊन हसतात. अनुभवी नट अशा वेळी काय करतो हे पडद्यामागच्या चित्रीकरणातच दिसते. तो शब्द तेच ठेवून क्षणभराचा विराम बदलतो, नजर दुसरीकडे वळवतो, सहकलाकाराला बेसावध पकडतो. ख्रिस बॅरी या बाबतीत विलक्षण आहे. रिमरच्या नाकपुड्या फुगवण्याच्या लकबीला तो दर वेळी थोडी वेगळी वेळ देतो, आणि थकलेल्या प्रेक्षकांकडून पुन्हा हसू वसूल करतो. घरी पाहताना आपल्याला अंतिम, संकलित प्रसंग दिसतो. त्यातला हशा पहिल्या प्रयत्नाचा आणि चेहरा तिसऱ्या प्रयत्नाचा असू शकतो हे मनातही येत नाही.

क्रायटनच्या मुखवट्याची कथा सगळ्या चाहत्यांना पाठ असते, तरी ती टाळता येत नाही. दुसऱ्या पर्वातल्या एका भागात डेव्हिड रॉसने हे पात्र केले होते. तिसऱ्या पर्वापासून ते कायमचे झाले तेव्हा रॉबर्ट लुएलिन आला. त्याने स्वतः लिहिलेल्या एका नाटकात यंत्रमानवाची भूमिका केली होती, ती एडिंबरोच्या महोत्सवात पॉल जॅक्सन यांनी पाहिली आणि त्याची निवड झाली. डोके पूर्ण झाकणारा, फोम रबराचा, कोनाकोनांचा तो मुखवटा चढवायला सुरुवातीला तासन्‌तास लागत. पुढे रंगभूषाकारांचा हात बसला तसा तो वेळ कमी झाला. त्या आवरणाखाली दिव्यांच्या उष्णतेत घामाने भिजलेला माणूस, ओठांची कड निघू नये म्हणून जपून खाणारा आणि नळीने पाणी पिणारा, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर उभा राहतो तेव्हा सकाळपासून त्याच्या अंगावर ते ओझे असते. त्यातच लेखकांनी त्याला सगळ्यांत लांब, सगळ्यांत तांत्रिक वाक्ये दिलेली असतात. लुएलिनची वाक्ये चुकतात, ती चुकली की तो स्वतःवर वैतागतो, बाकीचे खो-खो हसतात, आणि वैतागाचे भाव त्या रबरी चेहऱ्यावर उमटूच शकत नाहीत. फुटलेल्या टेकच्या चित्रफितींमधला माझ्या मते सर्वांत विनोदी भाग तो आहे. या अनुभवावर त्याने ‘द मॅन इन द रबर मास्क’ नावाचे पुस्तकही लिहिले.

मालिकेच्या कर्त्यांना आपले दोन प्रेक्षक आहेत हे फार लवकर उमगले होते. एक स्टुडिओत एका रात्रीपुरता येऊन बसणारा, आणि दुसरा घरी व्हीसीआरवर भाग टेप करून तो थांबवत, मागे नेत, पुन्हा पुन्हा पाहणारा. तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग ‘बॅकवर्ड्स’ १४ नोव्हेंबर १९८९ रोजी दाखवला गेला. त्याच्या सुरुवातीला पडद्यावरून मजकूर सरकत वर जातो. मधल्या काळात काय घडले, क्रायटन कसा परतला, होलीचा चेहरा बदलून नॉर्मन लव्हेटच्या जागी हॅटी हेरिज कशी आली, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. मात्र तो मजकूर इतक्या वेगाने जातो की कोणालाही तो एका फेरीत वाचता येणार नाही. तो वाचायचा तर टेप थांबवायलाच हवी. त्याच भागात पात्रे अशा पृथ्वीवर पोहोचतात जिथे काळ उलटा चालतो आणि माणसे उलटी बोलतात. तिथल्या पबचा व्यवस्थापक, म्हणजे आर्थर स्मिथ हा विनोदवीर, एक लांबलचक उलटे भाषण ठोकतो. ते ध्वनिमुद्रण सुलटे करून ऐकले, तर तो चक्क, ही टेप मिळवून उलटी फिरवत बसलेल्या देशातल्या त्या एकुलत्या एक रिकामटेकड्या माणसाला शिव्या देत असतो आणि त्याच्या आयुष्याची कीव करत असतो.

स्टुडिओत बसलेल्या एकाही माणसाला हा विनोद कळण्याची शक्यता नव्हती. तो पूर्णपणे दुसऱ्या प्रेक्षकासाठी लिहिला गेला होता. चाहत्यांसाठी स्वतंत्र चित्रफिती काढण्याची कल्पना पुढे आली ती याच नात्यातून आली, असे मी मानतो. ज्याला शिव्या घातल्या त्यालाच मग घरात बोलावून सगळे सामान उघडून दाखवले.

अशी पहिली मोठी चित्रफीत म्हणजे १९९४ सालची ‘स्मेग अप्स’, आणि तिच्या पाठोपाठ १९९५ सालची ‘स्मेग आउट्स’. दोन्ही व्हीएचएसवर निघाल्या, आणि दोन्हींत क्रायटनच्या वेशातला लुएलिनच सूत्रधार आहे. चुकलेली वाक्ये, न उघडणारी दारे, हातातून निसटणारी उपकरणे, हसू न आवरणारे नट यांची ती माळ आहे. पहिल्यांदा पाहताना पोट दुखेपर्यंत हसू येते यात शंका नाही. परंतु खरे सांगायचे तर या प्रकाराचे आयुष्य थोडे असते. चूक हा एकदाचा विनोद आहे, आणि ती कशामुळे झाली हे कळले नाही तर दुसऱ्यांदा तिच्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. कोण कुणासमोर हसत आहे, मागे प्रेक्षक बसले आहेत की रिकामा स्टुडिओ आहे, तो किती वाजताचा टेक आहे, हे त्या माळेतून कळत नाही. ते पुढच्या माहितीपटांनी सांगितले.

डीव्हीडी २००२ पासून येऊ लागल्या आणि तिसऱ्या पर्वापासून प्रत्येक संचात एक दीर्घ माहितीपट देण्याची प्रथा पडली. ‘ऑल चेंज’, ‘बिल्ट टू लास्ट’, ‘हेवी सायन्स’, ‘द स्टारबगर्स’ अशी त्यांची नावे आहेत. यांतला तिसऱ्या पर्वावरचा ‘ऑल चेंज’ मला विशेष आवडतो, कारण मेल बिबी यांचे नवे नेपथ्य आणि हॉवर्ड बर्डन यांची वेशभूषा आल्यावर तोच विनोद कसा वेगळा भासू लागला हे त्यातून कळते. पाचव्या पर्वावरच्या माहितीपटात अडचणीचे विषयही टाळलेले नाहीत. त्या पर्वाची दिग्दर्शिका ज्युलिएट मे मध्येच बाहेर पडली आणि दिग्दर्शनाची सूत्रे लेखकांनी स्वतःकडे घेतली. इतर ठिकाणी अशा गोष्टींवर पांघरूण घातले जाते. इथे दहा वर्षांनंतर का होईना, माणसे त्यावर बोलतात.

सहावे पर्व १९९३ सालचे. त्यातल्या ‘गनमेन ऑफ द अपोकॅलिप्स’ या भागाला पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. आभासी खेळाच्या रूपात पात्रे अमेरिकन वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयपटाच्या जगात, शिरतात असा तो भाग आहे, आणि त्यातले ते वेस्टर्न गाव इंग्लंडमध्येच, केंट परगण्यातल्या हौशी मंडळींनी उभारलेले आहे. या पर्वाच्या संहिता इतक्या उशिरा पूर्ण होत होत्या की वाक्ये पाठ करायला वेळच उरत नसे, आणि नटांना ऑटोक्यूवरून, म्हणजे कॅमेऱ्याजवळच्या पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरावरून, वाचत काम करावे लागले. हे माहितीपटातून कळल्यावर शेवटचा ‘आउट ऑफ टाइम’ हा भाग पुन्हा पाहावा. चौघांच्या नजरा कुठे जातात याकडे लक्ष दिले की काही ठिकाणी त्या समोरच्या माणसाच्या किंचित बाजूला स्थिरावलेल्या वाटतात. कदाचित हा माझ्या कल्पनेचा खेळ असेल, पण एकदा माहीत झाल्यावर तिकडे न पाहणे अशक्य होते. त्या भागाचा मूळ शेवटही वेगळा होता. तो बदलून गोष्ट टांगती ठेवली गेली, आणि चाहत्यांना तो टाकलेला शेवट पुढे पाहायला मिळाला.

त्यानंतर रॉब ग्रँट मालिकेतून बाहेर पडला. १९९७ चे सातवे पर्व डग नेलरने इतर लेखकांना सोबत घेऊन उभे केले आणि एक मोठा निर्णय घेतला: प्रेक्षक नकोत. चित्रपटासारखे एका कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचे, प्रकाशयोजनेला वेळ द्यायचा, आणि तयार भाग नंतर प्रेक्षकांना दाखवून त्यांचा हशा मुद्रित करायचा. दिसायला ते पर्व सर्वांत देखणे आहे, आणि तरीही त्यात काही तरी सैल पडले आहे. ख्रिस बॅरीने त्यातल्या मोजक्याच भागांत काम केले हे एक कारण सगळे सांगतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. नट बोलताना हशा समोर नसतो, त्यामुळे किती थांबायचे हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते; हसू नंतर येते आणि कधी वाक्यावर आदळते, कधी रिकाम्या जागेत एकटे पडते. १९९८ मध्ये पहिल्या तीन पर्वांतल्या प्रतिकृती काढून तिथे संगणकाने केलेली दृश्ये घालण्याचा जो प्रयोग झाला, त्याबद्दल न बोललेलेच बरे. १९९९ च्या आठव्या पर्वात प्रेक्षक परत आले आणि पहिल्याच भागाला ब्रिटनमध्ये ८० लाखांहून अधिक लोकांनी गर्दी केली. २००९ च्या ईस्टरला डेव्ह या वाहिनीसाठी केलेल्या तीन भागांच्या ‘बॅक टू अर्थ’मध्ये (नववे पर्व म्हणून धरले जाते ते हेच) तर हशाच काढून टाकला होता.

या सगळ्या पार्श्वभूमीवर दहावे पर्व आले. मधली कित्येक वर्षे नेलरने मालिकेवर चित्रपट काढण्यासाठी पैसे उभे करण्यात घालवली होती आणि ते जमले नव्हते. डेव्ह वाहिनीचा खिसा बीबीसीच्या मानाने लहान. तरीही नेलरने दोन गोष्टी ठरवल्या: शेपर्टन स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवायचे, आणि यानासाठी पुन्हा खऱ्या प्रतिकृती बांधायच्या. लेखक तोच, दिग्दर्शकही तोच. नट आता पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले आणि प्रत्येक जण दुसऱ्या कामांत अडकलेला; क्रेग चार्ल्स त्या काळात ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या लोकप्रिय ब्रिटिश मालिकेतली नियमित भूमिका करत होता. चौघांच्या मोकळ्या तारखा जिथे जुळल्या त्या थोड्याशा फटीत, डिसेंबर २०११ आणि जानेवारी २०१२ मध्ये, सहा भाग बसवायचे होते.

‘वी आर स्मेग्ड’ या फटीची कहाणी आहे. वरवर सगळे आनंदाचे आहे. जुने मित्र भेटतात, नवा सेट पाहून हरखतात, पहिल्या रात्री प्रेक्षक इतका जल्लोष करतात की नटांना वाक्य सुरू करता येत नाही. ज्यांनी लहानपणी टेप थांबवून तो सरकता मजकूर वाचला होता, ती माणसे आता मोठी होऊन स्टुडिओतल्या खुर्च्यांवर बसलेली आहेत. म्हणजे दोन्ही प्रेक्षक आता एकच झाले आहेत, आणि त्यातून एक नवाच पेच उभा राहतो. चाहता विनोद ऐकण्याआधीच हसायला तयार असतो. रिमर आत आला की टाळ्या, क्रायटनने मान वाकडी केली की टाळ्या. नटाला हे हवेहवेसे वाटते, पण अशा हशावरून संहिता जमली आहे की नाही हे ओळखता येत नाही. अनोळखी प्रेक्षकाचा हशा कमी असतो, मात्र तो खरा मोजमाप देतो. पहिल्या पर्वाच्या मँचेस्टरमधल्या प्रेक्षकांना आपण काय पाहायला आलो आहोत याची काही कल्पना नव्हती, आणि तिथे मिळालेले प्रत्येक हसू कष्टाने मिळवलेले होते.

मग हळूहळू तारांबळ उघडी पडत जाते. संहितेची पाने ऐनवेळी बदलतात. अखेरच्या भागांसाठी आधी योजलेले कथानक खर्चात बसत नाही हे लक्षात येते आणि ते बाजूला ठेवावे लागते. सेट उभा आहे, प्रेक्षक ठरले आहेत, नटांच्या तारखा संपत आल्या आहेत, आणि नवे लिहायचे आहे. जो माणूस रात्री लिहितो त्यालाच सकाळी दिग्दर्शन करायचे असते. नेलरचा चेहरा दिवसागणिक ओढलेला दिसू लागतो. नट चिडत नाहीत असे नाही, पण त्यांच्या चिडण्यात एक जुनी सवय आहे. सहाव्या पर्वात ऑटोक्यूवरून निभावून नेलेली हीच माणसे आहेत. उरलेले काही तुकडे शेवटी नंतर, प्रेक्षकांविना चित्रित करून जोडावे लागतात. पडद्यावर आलेल्या सहा भागांतला पाचवा, ‘डिअर डेव्ह’, पाहताना त्या ओढगस्तीच्या खुणा दिसतात: मोजके सेट, मोजकी पात्रे, बराचसा वेळ बोलणे. तो सहांतला सर्वांत कच्चा भाग आहे. उलट ‘लेमन्स’ आणि शेवटचा ‘द बिगिनिंग’ हे दोन भाग जुन्या पर्वांच्या तोडीचे आहेत, आणि त्याच अपुऱ्या पैशांत, त्याच घाईत झालेले आहेत.

हा माहितीपट विकला जात होता तो त्याच मालिकेच्या वेष्टनातून. आपल्याच मालाबरोबर, तो कसा निसटता वाचला याचा दोन तासांचा जबाब जोडून द्यायला धैर्य लागते. त्यात एक हिशेबही आहे, हे नाकारायचे कारण नाही. थांबवून थांबवून पाहणाऱ्या माणसाला तो सेट छोटा का, ते दृश्य इतके लांब का, हे कळणारच असते. त्याच्यापासून लपवण्यापेक्षा त्याला सांगून टाकणे शहाणपणाचे. नेलरने तेच केले. फक्त एक तक्रार नोंदवतो. सगळे नेलरभोवती फिरत असल्यामुळे संकलनाच्या टेबलावर काय झाले याला पुरेशी जागा मिळत नाही, आणि माझ्या मते दहाव्या पर्वाचा निम्मा जीव तिथे वाचला असावा. प्रेक्षकांचा अनावर जल्लोष कापून, छाटून, वाक्याच्या चालीत बसवणे हे फार नाजूक काम असते.

मालिका तिथे थांबली नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये आणखी दोन पर्वे आली, आणि २०२० मध्ये ‘द प्रॉमिस्ड लँड’ हा दीड तासाचा विशेष भागही. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी सुरुवात तिसऱ्या पर्वापासून करावी, कारण मालिका तिथे आपल्या पायांवर उभी राहते. ‘बॅकवर्ड्स’ पाहताना सुरुवातीचा मजकूर एकदा तरी थांबवून वाचावा आणि मग ‘ऑल चेंज’ पाहावा. सातवे पर्व हशाकडे कान देऊन पाहावे. दहाव्या पर्वाचे सहाही भाग आधी पाहिल्याशिवाय ‘वी आर स्मेग्ड’ला हात लावू नये, कारण त्यात प्रत्येक भागाचे मर्म उघड होते. ‘स्मेग अप्स’ अगदी शेवटी ठेवावी; तोवर त्या घामाघूम रबरी डोक्याशी आणि त्याच्यासमोर हसू दाबत उभ्या असलेल्या तिघांशी आपली चांगली ओळख झालेली असते, आणि चुकलेले वाक्य कोणाचे, कोणाच्या खोडीमुळे चुकले, हे आपल्याला सूत्रधाराने सांगावे लागत नाही.